आधी मेंढरं

येडबानं मेंढरं जागच्या जागी थांबवली. माळाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं होतं. आत हिरवीगार ज्वारी डुलत होती. त्याचं खोपट होतं तिथंही नांगर फिरला होता.

"आगं माय! माजी चूल कुठं गेली?" मागून आलेली त्याची बायको भिवराबाई ओरडली.

चूल एका जागी असावी, एवढंच त्या बाईचं मागणं. लग्न झाल्यापासून ती मेंढरांमागं हिंडत परक्या शिवारात तीन दगड मांडत आली होती.

हे झरी गावच्या किशनरावांनी काही वर्षांमागं बरोबर हेरलं होतं. हैदराबादला शिकून आलेला माणूस, जिभेवर साखर! त्यांनी या तांबड्या माळावर तिन्हीसांजेला पितळी दुर्बीण लावली आणि येडबाला मंगळ दाखवला.

"ही पण जमीनच आहे, येडबा. अशीच तांबडी, उजाड. एक दिवस माणूस तिथं हवा नेईल, पाणी नेईल, गावं वसवील."

"आन् मेंढरं, मालक?"

"ती तर पहिली! लेंड्यांशिवाय माती जिवंत होईल कशी? आधी मेंढरं, मग माणसं. पण ते इथंच करून बघू. तू मेंढरं बसव. माळ पिकता झाला की खोपटाची जागा तुझी."

रात्री शेतात मेंढरं बसवली की शेतकऱ्यानं दाणे द्यायचे, ही रीत. येडबानं जागेपायी दाणे सोडले. झरीची माणसं म्हणाली, "लेका, नावाला जागलास!" तो हसायचा आणि मंगळाकडं बोट दाखवायचा. साल दरसाल कळप तिथंच बसला. भिवराबाईनं खोपट सारवलं, चूल घातली, दारात शेवगा लावला. पावसाळ्यात भोवतालच्या शिवारातल्या काळ्या चिखलात मेंढरांचे खूर सडतात, तेवढ्यापुरती ती दोघं बालाघाटाच्या डोंगराकडं जायची. यंदाही गेली होती. आज परतली.

बांधावर किशनराव उभे होते. काहीतरी घोळ झाला असंल, मालक आत्ता काटे बाजूला सारतील, असंच येडबाला वाटलं.

"मालक, आमची जागा?"

"निजाम सरकारातून या जमिनीचा पट्टा माझ्या नावचा झालाय. ज्वारीत मेंढरं शिरू देऊ नकोस. ओढ्यापलीकडं दुसरा माळ आहे, तिकडं जा."

"पर तुमी जबान दिली व्हती!" येडबाचा आवाज चिरकला. ज्याच्यावर मान टाकली, त्यानंच केसानं गळा कापला होता.

किशनरावांना खरोखरच नवल वाटलं. "मी कुठं फसवलं? पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना? आधी मेंढरं, मग माणसं."

येडबानं कळप वळवला.

"काय म्हनले मालक?" भिवराबाईनं विचारलं.

"काई न्हाई. आपुन माणसांत मोडतो, आसं मलाच वाटायलं व्हतं."