अठरावा तास

खचलेल्या बोगद्यात अनंता अडकला होता. डोंगरात रोवलेली यंत्रं गोंगाटातून त्याने आतून खडकावर मारलेल्या ठोक्यांची लय शोधत होती. चुकीच्या जागी खोदलं तर डोंगर पुन्हा खचेल, म्हणून यंत्राची खात्री होईपर्यंत खोदायचं नाही, असा आता कायदा होता.

"मॅडम, पडद्यावरची ही रेघ उंच झालीय. तोच ठोकतोय ना?" त्याच्या बायकोनं, सुगंधानं विचारलं.

"नुसता गोंगाटही असेल, ताई. नोंद लांबेल तशी खात्री वाढेल," गणितज्ञ मृणाल म्हणाली.

अठराव्या तासाला खात्री झाली. माणसं अनंतापर्यंत पोचली, तेव्हा त्याचं अंग अजून कोमट होतं, पण श्वास थांबला होता.

सुगंधानं एवढंच विचारलं, "तो आहे, असं तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं?"

मृणालला खोटं बोलवेना. "पहिल्याच तासात."