मचाणावरची नजर

वैमानिकाच्या परीक्षेत भुजंग एकदा नापास झाला होता. ढगात शिरल्यावर त्यानं उंचीच्या काट्यावर डोळे खिळवले आणि तेवढ्यात विमानाचा वेग कधी घसरला, ते कळलंच नाही. शेवटची परीक्षा आठवड्यावर असताना तो गावी टेंभुर्णीला आला आणि मायच्या हातातली गोफण घेऊन ज्वारीतल्या मचाणावर चढला. ओढ्याकडचे पोपट त्यानं नेम धरून उठवले, तोवर पाठीमागच्या बांधाकडची कणसं चिमण्यांनी रिकामी केली. “आरं, एकाच थव्याकडं बघून राह्यलास, मंग बाकीचं रान कोण राखणार?” माय खालून ओरडली. “नजर फिरती ठेव. कुठंच मुक्काम करायचा न्हाई.” चार दिवस तो मचाणावरून हलला नाही. हैदराबादेतल्या परीक्षेत विमान ढगात शिरताच परीक्षकानं मुद्दाम उंचीच्या काट्यावर बोट ठेवलं. तरीही भुजंगनं घसरता वेग वेळीच सावरला. “नजर कुठंय तुझी?” परीक्षकानं विचारलं. “चारी बांधांवर, साहेब.”