गजाला लागलेली कीड

दातांच्या डॉक्टरांनी व्हायोलिनची पेटी काउंटरवर ठेवून झाकण उघडले, आणि गजाचे केस झडल्या शेपटासारखे खाली लोंबले.

दुकानाच्या मालकीण असलेल्या मोठ्या बाईंनी नाक मुरडले. पेन्सिल डाव्या हाताने कानामागे खोवून त्यांनी त्याच हाताने चिमटा उचलला, एक केस उजेडात धरला आणि त्याचे कुरतडलेले टोक पाहून त्यांच्या तोंडाची चव गेली. पेटीच्या मखमली अस्तरावर किड्यांच्या कातीचा चुरा पडला होता. आतून कुबट वास येत होता. वाद्यांच्या या दुकानात लग्न करून आल्यापासून त्यांनी अशा पेट्या पुष्कळ पाहिल्या होत्या. किळस मात्र दर वेळी नवी असे.

"ही कीड अंधारात वाढते, डॉक्टर. रोज उघडणाऱ्या पेटीत ती राहत नाही. दातांची कीड बरोबर ओळखता, मग ही कशी दिसली नाही?"

डॉक्टर ओशाळून हसले. दवाखान्यामुळे सवड होत नाही, शिवाय या वाद्याचा आवाजच दबका आहे, त्यामुळे हात पुढे जात नाही, असे काहीबाही ते सांगत राहिले. याआधीच्या व्हायोलिनचा आवाज कर्कश होता. त्याच्या आधीचे मानेला टोचत असे. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण ज्याने काढली त्याच्या डोळ्यांपुढे हेच गृहस्थ असावेत, असे बाईंच्या मनात आले.

"या खेपेला फक्त उत्तम वाद्य द्या," डॉक्टर म्हणाले. "नवं आलं की मी रोज वाजवीन."

या वाक्यावर आपले दुकान चालते, हे बाईंना ठाऊक होते. तरी ते त्यांना ऐकवत नसे. माणसे एक वाद्य पलंगाखाली कुजवीत आणि दुसरे मागायला येत, वर चारचौघांत रसिक म्हणून मिरवीत. जुने वाजवून दाखवा, मग नवे न्या, असा बाईंचा दंडक होता. मुलाला तो मुळीच पसंत नव्हता. दारात आलेल्या गिऱ्हाइकाची आई आधी परीक्षा घेते, अशाने एक दिवस आपल्याला या काउंटरवर पथारी पसरून झोपावे लागेल, असे तो म्हणे.

आजही चिमट्याने एकेक केस केराच्या डब्यात टाकत बाई डॉक्टरांना फैलावर घेत होत्या. तेवढ्यात मुलाने मागचे कपाट उघडले आणि वरच्या फळीवरची काळी पेटी खाली घेतली.

"ती ठेव," बाई म्हणाल्या.

कधी नव्हे ते त्याने ऐकले नाही. त्या पेटीत त्याच्या वडिलांनी घडवलेले शेवटचे व्हायोलिन होते. वडील जाऊन बरीच वर्षे लोटली होती. पेटीवरची धूळ बाई रोज सकाळी स्वतः पुसत, पण झाकण उघडत नसत आणि कोणाला उघडू देत नसत. आठवण म्हणून ठेवले आहे, विकायचे नाही, एवढेच त्या सांगत. त्यापुढे विचारायची कोणाची छाती नव्हती.

"आठवण किती वर्षं कोंडून ठेवायची, आई? निदान कोणाच्या तरी खांद्यावर जाऊ दे," असे म्हणत मुलाने खटके उघडलेसुद्धा.

लाकूड मधासारखे झळकले. डॉक्टरांनी ते वाद्य अलगद उचलले, डाव्या खांद्यावर टेकवले, हनुवटी खाली आणली आणि ते थांबले. हनुवटी टेकवायची वाटी नको त्या बाजूला होती. त्यांनी तारा पाहिल्या. त्याही उलट क्रमाने लावलेल्या होत्या.

मुलाचा चेहरा पडला. मग वेळ सावरून घ्यायला तो हलक्या आवाजात म्हणाला, "शेवटी शेवटी बाबांची नजर कमी झाली होती. चूक झाली असेल. मी सगळं फिरवून देतो."

बाईंनी चिमटा खाली ठेवला. आपल्या नवऱ्याच्या कामात चूक काढणारा माणूस या दुकानात आजवर उभा राहिला नव्हता. आज तो पोटचा मुलगाच निघाला होता. गप्प राहिले तर स्वतःची लाज झाकली जात होती. पण मग नवऱ्याचा हात चुकला, हे कायमचे ठरत होते.

"त्यांचा हात कधी चुकला नाही," त्या म्हणाल्या. "आण इकडे."

त्यांनी व्हायोलिन उजव्या खांद्यावर घेतले. हनुवटी वाटीत चपखल बसली. माप घेऊनच ती कोरलेली होती. मग डावा हात लांबवून त्यांनी पेटीतला गज उचलला. गज वर आला. केस पेटीतच राहिले. मखमलीवर तोच चुरा होता, आणि तोच कुबट वास काउंटरभर पसरला.

डॉक्टरांनी शहाण्या माणसासारखे दाराबाहेर पाहिले. मुलगा आईच्या डाव्या हाताकडे बघत राहिला. त्याच हाताने तिने त्याला लहानपणी भरवले होते आणि बडवलेही होते.

"दोन्ही गजांना केस चढव," बाई त्याला म्हणाल्या. "डॉक्टरांना त्यांचं जुनंच परत दे, आणि मला माझं."

मग त्यांनी तळहाताने मखमलीवरचा चुरा स्वतःच झाडला.

"नवं आलं की रोज वाजवीन, हे तुझ्या बाबांना मीच सांगितलं होतं."