जपणूक

शिडीवरून पडून पाय मोडलेला इलेक्ट्रिशियन हॉस्पिटलात खाटेवर होता, आणि दारात चक्क त्याची बायको उभी! घामाने डबडबलेली, हातात डबा. बाजारात एकदा जीव घाबराघुबरा झाला होता, आणि पुढे कित्येक वर्षं तिने उंबरठा ओलांडला नव्हता. “भीती वाटली तरी रोज थोडं चाला,” सुरुवातीलाच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तीही जिद्दीने निघाली होती. पण पहिल्याच वळणावर थरथरली, तेव्हा त्यानेच तिला मागे फिरवलं. “राहू दे, मी आहे ना!” मग भाजीपासून लग्नकार्यापर्यंत तो एकटाच जात राहिला. बायकोला फुलासारखं जपतो, याचं त्याला कोण कौतुक! “एकटी आलीस?” त्याने आता विचारलं. “दोनदा भिंतीला टेकून थांबले. धडधड झाली, मग ओसरली.” तिने डबा उघडून दिला. तो जेवू लागला, तशी ती म्हणाली, “अहो, म्हणजे आईलाही शेवटचं भेटता आलं असतं की मला.” पहिला घास त्याच्या तोंडातच फिरत राहिला.