मार्चच्या अंकाचं मुखपृष्ठ

"चिठ्ठी तुमची निघाली नाही, मोरिवाकी-सान," दुकानदार नुकुई म्हणाला. "दुसऱ्या गिऱ्हाइकाची निघाली."

टोकियोतल्या त्या मोठ्या स्टोअरच्या आठव्या मजल्यावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरला होता. यादीतल्या एकाच वस्तूसाठी दोघांची पत्रं आली की दुकानदार चिठ्ठ्या टाकत. मोरिवाकींना हवा होता बॉक्सिंगच्या एका मासिकाचा तीस वर्षांपूर्वीचा मार्चचा अंक.

"पण तुमच्याकडे आहे की तो! मीच किती विकले तुम्हाला. फारच जीव दिसतो त्या विजेत्यावर."

"असायचाच," मोरिवाकी म्हणाले.

विजेत्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. मुखपृष्ठावर तो हात उंचावून उभा होता, पायाशी हरलेला गडी आडवा पडला होता, आणि उजव्या कोपऱ्यात काळ्या सुटातला एक तरुण खुर्चीवर चढून बोंबलत होता. तो तरुण म्हणजे खुद्द मोरिवाकी.

त्या लढतीच्या संध्याकाळी ते साहेबांच्या वडिलांच्या अंत्यदर्शनाला गेले होते. निदान बायकोला, सुमिएला, तसं सांगितलं होतं. तिची आई अत्यवस्थ होती, ती माहेरी निघाली होती आणि "तुम्हीही चला ना" म्हणत होती. साहेबांचं नाव निघताच बिचारीने काळा सूट इस्त्री करून दिला, मृताच्या घरी द्यायच्या शोकाच्या पाकिटात पैसे घालून दिले. त्या पाकिटातून पहिल्या रांगेचं तिकीट आलं. अंत्यदर्शनाहून परतल्यावर शुद्धीसाठी अंगावर टाकायचं मीठसुद्धा मोरिवाकींनी उंबऱ्यात आठवणीने सांडून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सुमिए आली ती घसा पार बसवून. रात्रभर रडले, म्हणाली. सासूबाई मात्र खडखडीत बऱ्या झाल्या आणि नव्वदी ओलांडूनच गेल्या.

"सासू मरणाच्या दारात, तरी ह्यांनी साहेबांकडचं कर्तव्य चुकवलं नाही हो!" सुमिए अजून चारचौघांत कौतुकाने सांगे. घरात मोरिवाकींची जी काही पत होती, ती या एका गोष्टीवर उभी होती. म्हणून दिसेल तिथून तो अंक उचलायचा आणि गोल्फच्या पिशवीत कोंबायचा, हा त्यांचा छंद.

"कोण आहे हा दुसरा?" त्यांनी विचारलं.

"नाव नाही सांगता येणार. पण वर्षानुवर्षं हाच अंक मागतात. तुमच्याइतकंच वेड! आत्ता येतीलच न्यायला."

आपल्याला ओळखणारं कुणी असेल तर? खालच्या मजल्यावरून मोरिवाकींनी गोड वड्यांची उंची पेटी आणली आणि नकाशांच्या कपाटाआड दबा धरून बसले. गल्ल्यावर पुडकं सोडल्याचा आवाज येताच डोळे मिटून पुढे झाले, पेटी दोन्ही हातांनी पुढे केली आणि कमरेत वाकले.

"कृपा करा! एवढा अंक मला द्या!"

डोळे उघडले तेव्हा समोर फक्त बूट दिसत होते. करड्या रंगाचे, डाव्या टाचेला झिजलेले. आज सकाळीच त्यांनी ते आपल्या दारात सरळ करून ठेवले होते.

"अहो, तुम्ही?"

"सुमिए?"

खेळ खलास, मोरिवाकींना वाटलं. तिला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं पुरावा गोळा करत होती बाई!

"अगं, त्या रात्री मी जरा..."

"शेजारणीसाठी नेतेय हो," सुमिए घाईघाईने म्हणाली. "मला काय कळतं त्यातलं!" आणि तिने मुखपृष्ठावर पंजा दाबला.

मोरिवाकींनी पाहिलं. उजवा कोपरा उघडाच होता. काळ्या सुटातला तरुण मजेत बोंबलत होता. पंजा होता डाव्या कोपऱ्यावर. तीस वर्षांत तिकडे त्यांची नजर एकदाही गेली नव्हती.

त्यांनी बायकोचं एकेक बोट हळूच बाजूला केलं. खाली दोन बायका खुर्च्यांवर उभ्या होत्या, मुठी वर, घसा फाटेस्तोवर ओरडत. एक सुमिए होती.

दुसऱ्या, अत्यवस्थ सासूबाई.