पुलावरचा कडूबा

"मागल्या बुधवारी आपण पुलापाशी थांबलो होतो," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. त्यांनी टेपरेकॉर्डर काळ्या कव्हरासकट तिपाईवर ठेवला आणि एक बटन दाबलं.

रामकिसननं नुसती मान हलवली. चहा मात्र पुढं सरकवला.

ऑगस्टपासून बाई दर बुधवारी चिकलठाण्याला त्याच्या दोन खोल्यांत येत होत्या. शहरातल्या कॉलेजात त्या राज्यशास्त्र शिकवायच्या. परक्या देशांत शांतता राखायला गेलेल्या आपल्या शिपायांवर त्यांचं संशोधन चाललं होतं. रामकिसन बासष्ट साली काँगोत होता. एवढं त्याचं भांडवल.

घरी दुसरं माणूस नव्हतं. बायको चतुराबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला. दिवाळीला यायचा आणि चपला काढल्या न काढल्या तोच परत निघायचा. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं. फाडलेल्या पानात रामकिसन सुपारी, वेलची, काय हाताला येईल ते बांधून ठेवायचा. बुधवारचं पान मात्र बाई गेल्याशिवाय फाडायचा नाही. यंदा संक्रांत नेमकी बुधवारी आली, तेव्हा तेवढं पान आधी फाडून त्यात त्यानं बाईंना तिळगूळ बांधून दिला होता.

खरं सांगायचं तर त्याची काँगोची गोष्ट पाच बुधवारांत संपली होती. तो लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात होता. निळी टोपी त्यालाही मिळाली होती, पण टोपीखाली कांदेच चिरायचे होते. शांतिसेना झाली म्हणून काय, भूक तर लागतेच.

सहाव्या बुधवारी बाई कागद आवरत म्हणाल्या होत्या, "बहुतेक झालं, काका. आता तुम्हाला त्रास नाही."

"पुलाचं राहिलं की, बाई!" तो बोलून गेला. कुठला पूल, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

मग पूल उभा राहिला. त्यावर रसदीच्या गाड्या आल्या, झाडीतून गोळ्या आल्या आणि गाड्यांच्या पुढं त्यानं कन्नडच्या कडूबाला उभं केलं. कडूबा त्याचा जिवाभावाचा दोस्त. तो गेला काँगोतच, पण इस्पितळात, तापानं. दिवाळीपासून बिचारा त्या पुलावर बंदूक धरून अडकला होता. रामकिसन त्याला मरू देत नव्हता. कडूबा मेला की बुधवारही मेले, हे त्याला पक्कं माहीत होतं.

बाईंचीही घाई आताशा कमी झाली होती. आधी पाचच्या ठोक्याला उठायच्या, "आई घरी एकटी आहे," म्हणायच्या. डिसेंबरात आई गेली. तेव्हापासून त्या दुसरा चहा घेऊ लागल्या, समोरून दोन-दोन सिटी बस गेल्या तरी बसू लागल्या. आधी अर्ध्या तासानं मशीन खट्ट वाजायचं, मग बाई कॅसेट उलटवायच्या. हल्ली तो खट्टही रामकिसनला ऐकू येत नव्हता. कान गेले आपले, म्हणून तो गप्प बसे.

"काका, बरं नाही का?" बाईंनी विचारलं.

"परवा कन्नडला भाचीच्या लग्नाला गेल्तो," तो म्हणाला. "कडूबाची बायको भेटली, द्वारकाबाई. कुणी तरी तिच्या कानावर घातलं, की बाई पुस्तक लिवतेत, त्यात कडूबाचं नाव हाय. मांडवात माझा हात धरला तिनं. म्हणली, भावजी, तार तर तापाची आल्ती. मग सरकारनं मला छत्तीस वर्सं खोटंच सांगितलं का? ह्ये लढता लढता गेले का?"

"मग? काय सांगितलंत?"

"जीभच उचलली नाय. जेवण न करता निघून आलो."

बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं. रामकिसननं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"पूल नव्हता, बाई. गोळ्या नव्हत्या. मी लंगरातून भाईर पडलोच नाय. कडूबा अकरा दिवस तापानं फणफणला, माझ्या हातची पेज प्यायला अन् गेला. बाकी सगळं मी रचलं."

"का?" बाईंचा आवाज अगदी हळू आला.

"तुमी यावं म्हणून." बोलून टाकल्यावर त्याला हलकं वाटलं आणि लगेच भयंकर एकटं वाटलं. "चतुरा गेल्यापून या घरात कुणी मला 'मग काय झालं' असं इचारलं नव्हतं. तुमी इचारायच्या. म्हणून रचत गेलो. पर मेलेल्या दोस्ताचं खोटं छापून यावं, ह्ये मला झेपायचं नाय. द्वारकाबाईला उद्याच जाऊन खरं सांगतो. तुमी ह्ये समदं पुसून टाका."

बाई मशीनकडं बघत राहिल्या. हात पुढं केला नाही.

"राहू द्या, काका."

"राहू कसं द्यायचं? दिवाळीपासूनचं हाय ते!"

"काका, ऐका माझं. त्याला हात लावू नका."

पण आयुष्यभर हुकूम पाळलेल्या त्या माणसानं हा एक पाळला नाही. मशीन मांडीवर ओढून त्यानं कव्हर काढलं, अंगठ्यानं झाकण उघडलं.

आत कॅसेट नव्हती. कॅसेटच्या जागी चार घड्या घालून जपून ठेवलेलं कॅलेंडरचं एक पान होतं, तिळाचे दोन दाणे अजून चिकटलेलं: बुधवार, चौदा जानेवारी.