सुयोग पहिला येतो

सुयोग पुन्हा पहिला आला आणि त्याने हातातला गाड्यांच्या शर्यतीचा गेम उशीवर टाकला.

अपघातात उजवा अंगठा निकामी झाल्यापासून त्याला साधं वळणही धड घेता येत नव्हतं. तरी आपापल्या घरून ऑनलाइन खेळणाऱ्या चौघा मित्रांत रोज तोच जिंकत होता. आज तर शाळेपासून कधी कोणाला पुढे जाऊ न देणारा मल्हार शेवटच्या पुलावरून गाडीसकट पाण्यात पडला. तिथे वळणही नव्हतं.

"काय फॉर्मात आहेस राव," मल्हार फोनवरून म्हणाला.

"हात दुखतोय. तुम्ही खेळा, मी नुसता ऐकतो."

त्यांच्या शर्यतीत अनोळखी लोकही घुसू शकत. सुयोगने गेमचा आवाज बंद केला, बहिणीचं खातं उघडलं आणि तिची गुलाबी गाडी घेऊन गुपचूप रांगेत जाऊन उभा राहिला.

पहिल्याच वळणावर मल्हारने त्याला धडक देऊन कठड्यापलीकडे फेकलं. तो वर येतो न येतो तोच दुसऱ्याने पुढ्यात तेल सांडलं. सुयोग शेवटचा आला, तोही चांगला अर्धी फेरी मागे.

"हा गुलाबी कोण रे?" मल्हार खिदळत होता. "गाडी चालवतोय की म्हैस हाकतोय? काढा त्याला."

सुयोगने पाठीशी उशी घेतली आणि गेम पुन्हा दोन्ही हातांत नीट धरला.

"राहू दे रे त्याला," तो फोनवर म्हणाला. "शिकेल हळूहळू."